कोपऱ्यापासून पंचवीस मीटर

मोजणीकाकांचं मत नाही असा विषय अजून जन्माला यायचा होता. सदतीस वर्षं जमीन मोजायच्या खात्यात नोकरी करून त्यांनी दुसऱ्यांच्या हद्दी ठरवल्या, आणि निवृत्त झाल्यावर सगळं शहरच मोजायला घेतलं. बाल्कनी रस्त्यावर किती पुढे यावी, कुत्र्याचा पट्टा किती लांब असावा, कचऱ्याची पिशवी किती वाजता बाहेर ठेवावी, सगळं तोंडपाठ. नगरपालिकेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांनी चक्क विकत आणलं होतं. ते विकायला ठेवलेलं असतं हेच मुळी गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. सहा नंबरची बस चार मिनिटं उशिरा आली तर काका ड्रायव्हरला मनगटावरचं घड्याळ दाखवायचे, आणि वेळेवर आली तर "तब्येत बरी आहे ना?" म्हणून विचारायचे.

देशाच्या राजकारणासाठी मात्र त्यांना घड्याळजी लागायचे. घड्याळजी म्हणजे त्याच गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे, काकांचे तीस वर्षांचे मित्र. काका सरकारच्या बाजूचे आणि घड्याळजी सरकारच्या विरोधातले. मधल्या काळात सरकारं चारदा बदलली, पण या दोघांनी बाजू सोडली नाही. जे कुठलं सरकार येईल त्याची तळी काका उचलायचे आणि घड्याळजी त्याला धुऊन काढायचे. रोज संध्याकाळी सहाला दुकानात भांडण सुरू व्हायचं आणि "उद्यापासून तुझं तोंड बघणार नाही" यावर संपायचं. नियमांबद्दल घड्याळजींचं मत एका वाक्याचं होतं. "ज्याला काम टाळायचंय त्याने शोधून काढलेली सबब!"

दुकानामागच्या दोन खोल्यांतून घड्याळजींची बायको, म्हणजे काकांच्या वहिनी, चहा घेऊन यायच्या. त्या कुणाचीच बाजू घ्यायच्या नाहीत. निवडणुकीत दरवेळी तिसऱ्याच कुणाला तरी मत द्यायच्या, तो हमखास पडायचा, आणि त्यावर सगळ्यांत जास्त त्याच हसायच्या.

त्या वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. काका त्यानंतरही त्यांना उत्तरं देत राहिले.

एकदा सुनेने खिडकीच्या पडद्यांचं माप घ्यायला सांगितलं. काकांनी टेप उलगडली, तिचं टोक खिळ्याला अडकवलं आणि ती ओढत दुसऱ्या कडेला गेले. टेप ताणली गेली, तसा त्यांना पक्का भास झाला की पलीकडचं टोक कुणीतरी हातात धरलंय. खिळ्याला अडकवलेलं टोक निर्जीव असतं. माणसाने धरलेलं टोक जरासं हलतं, श्वास घेतं. सदतीस वर्षांत हा फरक त्यांच्या बोटांना कळायला लागला होता.

"घट्ट धरा, वहिनी," काका हळूच म्हणाले.

"बाबा, कुणाशी बोलताय?" सुनेने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुणाशी नाही," म्हणून त्यांनी टेप गुंडाळली. पडदे सहा इंच आखूड झाले.

झालं होतं ते असं. गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर, पिवळ्या घराच्या भिंतीलगत बसथांबा होता. तिथेच रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते आणि दिवाही होता. सगळं सुरळीत चाललं होतं, पण सुरळीत चाललेलं काकांना बघवायचं नाही. पुस्तकात त्यांनी वाचलं की बसथांबा कोपऱ्यापासून पंचवीस मीटरच्या आत नसावा. लगेच टेप घेऊन निघाले. टोक धरायला माणूस हवा होता. घड्याळजींना विचारलं तर ते म्हणाले, "तुझी थेरं तू निस्तर." तेव्हा वहिनीच हात पुसत बाहेर आल्या.

काकांनी त्यांना पिवळ्या घराच्या भिंतीपाशी उभं केलं. वहिनींनी टोक भिंतीला लावलं, मग खाली बघितलं. भिंतीच्या पुढे तीन मीटरचा फुटपाथ होता आणि त्यानंतर गल्लीच्या रस्त्याची कड.

"भावजी, इथून धरू की तिथून? रस्त्याचा कोपरा तर तिकडे आहे."

"भिंतीपासूनच, वहिनी. चाळीस वर्षं होत आली, मी मोजतोय."

तेवीस मीटर भरलं. काकांनी अर्ज लिहिला. मग स्मरणपत्रं लिहिली, एकूण सात. नगरपालिकेतला कारकून वैतागला, आणि शेवटी थांबा हलला. तो गेला पुढे उताराच्या पायथ्याशी, वळणाच्या आड. तिथे ना पट्टे ना दिवा, पण पंचवीस मीटरचा नियम अगदी व्यवस्थित पाळलेला. काकांनी त्या दिवशी दुकानात पेढे वाटावेत तसा आपला अर्ज वाटला.

अकरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, वहिनी बहिणीकडे जायला निघाल्या. बस समोरून येताना दिसली म्हणून त्यांनी रस्ता ओलांडला. उतारावरून येणाऱ्या टेम्पोला त्या दिसल्याच नाहीत.

हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या घड्याळजींच्या समोर काका जाऊन उभे राहिले. घड्याळजींनीच त्यांचा हात धरला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. नियमच होता तसा. तू नाही तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं." एवढं बोलून ते रडायला लागले. काकाही रडले, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी फार मोठा आधार वाटला.

तो आधार तीन आठवडे टिकला. मग एका दुपारी घरात कुणी नसताना काकांनी ते पुस्तक पुन्हा उघडलं. नियम खरोखर तसाच आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. नियम तसाच होता. पण पुस्तकाच्या सुरुवातीला शब्दांचे अर्थ दिलेले असतात, तिकडे काका आयुष्यात कधी फिरकले नव्हते. तिथे लिहिलं होतं, कोपरा म्हणजे दोन रस्त्यांच्या कडा जिथे मिळतात ती जागा. रस्त्याच्या कडा. भिंत नव्हे. जमीन मोजणाऱ्या माणसाला भिंत दिसली की ती हद्द वाटते आणि तो तिथूनच टेप लावतो. त्यांच्या खात्यातल्या कुणीही तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी टेपेच्या टोकावर वीट ठेवून रस्त्याच्या कडेपासून मोजलं. सव्वीस भरलं. थांबा आधीच नियमात होता. कुणाचं काही चुकलं नव्हतं, आणि टेप धरणाऱ्या बाईने तर बरोबर तेच विचारलं होतं.

तेव्हापासून काकांनी एकही अर्ज केला नाही. नव्या थांब्यावर पाय ठेवला नाही, लांबचा वळसा घालून चालत जायचे. आणि कधीही, कुठेही, अगदी दाढी करतानासुद्धा, मागून आवाज यायचा. भावजी, इथून धरू की तिथून? आवाजात राग नसायचा. राग असता तर काकांना सोसणं सोपं गेलं असतं.

सगळ्यांत भयंकर म्हणजे घड्याळजी बदलले. राजकारणावर पूर्वीसारखेच तुटून पडायचे, पण नियमांची गोष्ट निघाली की गंभीर व्हायचे. दुकानात कुणी बसथांब्याबद्दल कुरकुर केली की हातातला चिमटा खाली ठेवून म्हणायचे, "नियम म्हणजे नियम. तिथे बसतच नव्हता तो थांबा. हा माझा मित्र, याने मोजलंय." समोर काका बसलेले असायचे, चहाच्या कपात बघत. त्या माणसाने बायकोचं मरण एवढ्या एका गोष्टीवर तोलून धरलं होतं आणि ती गोष्ट खोटी होती. दर संध्याकाळी काका ठरवून जायचे, आज सांगायचंच. दर संध्याकाळी भांडण रंगायचं आणि ते तसेच परत यायचे. गल्लीत त्यांच्याशी भांडायला दुसरं होतंच कोण?

मध्यंतरी नव्या थांब्यावर दूधवाल्याच्या सासूचा पाय मोडला. गल्लीने सह्या गोळा केल्या आणि थांबा जुन्या जागी आणा म्हणून अर्ज दिला. नगरपालिकेने लोकांचं म्हणणं ऐकायला बैठक बोलावली. घड्याळजींनी विरोधात बोलायचं ठरवलं.

"विरोधात?" काकांनी कप खाली ठेवला. "अरे, लोक पडतायत तिथे."

"पट्टे मारा म्हणावं, दिवा लावा. पण थांबा जुन्या जागी नेला तर मग ती कशासाठी गेली रे?" घड्याळजी म्हणाले. "तू शेजारी बस. आकडे विचारले तर सांग."

काकांनी मान हलवली. बैठकीला अजून नऊ दिवस होते. नऊ संध्याकाळी ते दुकानात गेले, आणि नऊ वेळा सरकारची बाजू घेऊन परत आले.

बैठक नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर झाली. लांब टेबल, पंख्याची घरघर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गल्लीतली वीसेक माणसं. घड्याळजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "साहेब, माझी बायको त्या नव्या थांब्यावर गेली. तरी मी सांगतो, जुनी जागा नियमात बसत नाही. कोपऱ्यापासून फक्त तेवीस मीटर आहे. या माझ्या मित्राने मोजलंय, सरकारी मोजणीदार होता. आणि टेप माझ्या बायकोनेच धरली होती."

साहेबांनी कागद उलटले आणि काकांकडे बघितलं. "तेवीसच ना? नाहीतर आम्हाला पुन्हा माणूस पाठवावा लागेल."

काका उठले. एक 'हो' म्हटलं की झालं. माणूस पाठवणार नाहीत, थांबा तिथेच राहील, आणि संध्याकाळी सहाला चहा. मागून तोच प्रश्न आला, नेहमीसारखाच साधा, कामापुरता. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा काकांनी त्याचं बरोबर उत्तर दिलं.

"तिथून," ते म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "सव्वीस आहे, साहेब. मी भिंतीपासून मोजलं. रस्त्याच्या कडेपासून मोजायला हवं होतं. तिने मला विचारलं होतं, मी ऐकलं नाही. जुना थांबा नियमातच होता. माझी चूक आहे."

घड्याळजी अजून उभेच होते. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. खुर्चीची पाठ चाचपली आणि सावकाश खाली बसले.

महिन्याभरात थांबा जुन्या जागी आला. मागून येणारा आवाज बंद झाला. काका कान देऊन बसायचे, पण वहिनी पुन्हा काही विचारायला आल्या नाहीत, आणि त्यांना त्याचीही हुरहुर लागली.

बैठकीनंतर दुकानात जायची त्यांची हिंमत होत नव्हती. पाचव्या दिवशी घड्याळजींनी शेजारच्याबरोबर निरोप पाठवला, चहा थंड होतोय. काका धावत गेले. घड्याळजी हसले, स्टूल पुढे केलं, चहा दिला. आता चहा ते स्वतःच करतात आणि साखर नेहमी जास्त पडते. बैठकीचा विषय त्यांनी काढला नाही. तेव्हापासून रोज सहाला सगळं अगदी पूर्वीसारखं असतं.

काका पेपर उघडतात आणि सरकारची वाहवा सुरू करतात. घड्याळजी चष्म्यातून बारीक चाकं बघत मान हलवतात. काल काकांनी कमालच केली. ज्या मंत्र्याला घड्याळजी वीस वर्षं शिव्या घालत आले, त्याच्यासारखा प्रामाणिक माणूस देशात झाला नाही, असं ठोकून दिलं आणि जीव मुठीत धरून थांबले. एवढ्यावर तरी तो उसळेल, चिमटा आपटेल, तोंड बघणार नाही म्हणेल.

घड्याळजींनी चष्मा काढला आणि शांतपणे त्यांच्याकडे बघितलं.

"असेल," ते म्हणाले. "तू म्हणतोस म्हणजे मोजूनच म्हणत असशील."