निळ्या बोगद्यातली सकाळ

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनाबाहेरून आणलेली आमची कुत्री सगळ्यालाच घाबरायची. तिला धीर यावा म्हणून मी अण्णा नगरातल्या आमच्या गच्चीवर अडथळ्यांचा खेळ मांडला. उडीसाठी पीव्हीसी पाइपची दांडी केली, घोट्याएवढ्याच उंचीवर, धक्का लागताच पडेल अशी. पाय घसरू नयेत म्हणून खाली रबरी मॅट अंथरली. कापडी बोगदा तेवढा विकत आणला, निळा, आणि तो हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या.

दांडी तिने आठवड्याभरात ओलांडली. बोगद्याच्या तोंडाशी मात्र ती रोज थरथरत बसे आणि मी पलीकडून बिस्किट दाखवून हाका मारी.

आमच्या घरमालकीणबाई तंजावरकडच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. एका सकाळी कपडे वाळत घालताना त्या म्हणाल्या, "तिला किती बोलावता? तुम्हीच आत जाऊन पाहा की."

मी सरपटत आत शिरलो आणि मधोमध आडवा झालो. कोवळं ऊन कापडातून निळं होऊन येत होतं. माझे हातही निळे दिसत होते. कावळे, बसचे हॉर्न, बाईंची बादली, सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटत होतं. हाका मारायचं मी विसरूनच गेलो.

किती वेळ गेला कोण जाणे. पोटरीला ओलं नाक लागलं. ती हळूहळू पुढे सरकली, माझ्या काखेत डोकं खुपसून तिने लांब श्वास सोडला.

"गेली का हो आत?" बाईंनी विचारलं.

मी तसाच पडून राहिलो. सिरुसेरीला जाणारी ऑफिसची बस त्या दिवशी चुकली.