खंडेनवमीला टांगलेलं इंजिन

हे मी सांगायचं नाही, असं ठरलं होतं. मामीनं देवघरासमोर उभं करून मला तशी शपथ घातली आहे. पण शपथ घेताना मी म्हणाले होते, "कुणाशी बोलणार नाही." आणि बोलणं मला तसंही जमत नाही. वर्गात नव्या बाईंनी नाव विचारलं तरी शेजारची मुलगी सांगते. म्हणून लिहिते.

मामाच्या गॅरेजमधल्या गोष्टींचं तिथल्या भंगारासारखं आहे. मुद्दाम कुणी जमवत नाही. एक नट कोपऱ्यात पडतो, त्यावर एक स्प्रिंग येऊन पडते, आणि एक दिवस बघावं तर गुडघाभर ढीग. डिलाईल रोडला आमच्या चाळीमागे पत्र्याची शेड आहे, तेच मामाचं गॅरेज. मी शाळेसाठी मामाकडे राहते. संध्याकाळी शेडच्या दाराशी स्टुलावर बसून अभ्यास करते. निदान सगळ्यांना तसं वाटतं. त्या ढिगातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे दामूकाकांचा मिलिटरी ट्रक. या गोष्टी त्याच्या आहेत.

*

दामूकाका आमच्याच चाळीत तळमजल्यावर राहतात. लढाईत ते ब्रह्मदेशात ट्रक चालवायचे. लढाई संपली आणि पलटणींचे ट्रक लिलावात निघाले, तेव्हा होतं नव्हतं ते घालून त्यांनी एक घेतला. अमेरिकन ट्रक, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. पुढची गाडी ओलांडायची तर काकांना उजवीकडचा रस्ता दिसायचाच नाही. म्हणून त्यांच्या बायकोनं, अनुसयाकाकूंनी, उजवीकडे बसायचं. काका विचारायचे, "जाऊ?" काकू डोकं बाहेर काढून बघायच्या आणि म्हणायच्या, "जा."

एकदा सकाळीच दोघांचं बिनसलं. कशावरून, ते आता त्यांच्या मुलीला, ताराला, सुद्धा आठवत नाही. ट्रक दादरला निघाला. परळच्या नाक्यावर पुढ्यात केळ्यांनी भरलेली हातगाडी आली. काकांनी विचारलं, "जाऊ?" काकू गप्प. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. काकू पदर नीट करत दुकानांच्या पाट्या वाचत राहिल्या.

तारा मागे बसली होती. ती म्हणते, इतका हळू प्रवास तिनं कधी केला नाही. झाडांची पानं मोजता येत होती. ब्रह्मदेशातले डोंगर चढलेला तो ट्रक दादरपर्यंत केळ्यांच्या मागून चालत गेला, आणि त्याच्यामागे बस, टांगे, सायकली अशी वरात.

दादरला हातगाडीवाला थांबला. घाम पुसत मागे आला, काकूंपुढे हात जोडून म्हणाला, "वहिनी, काय असंल ते मिटवून टाका. परळपासनं मला वाटतंय, माझंच कायतरी चुकलंय."

*

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना आमच्या भागात तोच ट्रक व्यासपीठ व्हायचा. मागची फळी पाडायची, वर सतरंजी घालायची, पेट्रोमॅक्स टांगायचा, की झालं.

एका संध्याकाळी आमच्या चाळीपुढे सभा होती. वक्ते डोळे मिटून बोलणारे. भाषण रंगात आलं आणि पोलीस येताहेत अशी कुजबूज झाली. काकांनी ट्रक हलवायला म्हणून हँडल मारलं. इंजिन एकदाच मोठ्यानं खोकलं आणि बंद पडलं. वक्त्यांना वाटलं, फटाका वाजवला कुणीतरी. ते आणखी जोरात बोलू लागले.

मग लोकांनी ट्रकला खांदे लावले. कुणी हूं की चूं केलं नाही. मी गॅलरीतून बघत होते. दिवेलागणीच्या वेळी गिरणीचा धूर खाली उतरलेला असतो, आणि त्या धुरात ट्रक नावेसारखा सरकू लागला. वर उजेडात हात उंचावलेला एक माणूस, आणि त्याच्यामागून चालत जाणारी आख्खी सभा. वळणावर भाषण वळलं आणि दिसेनासं झालं.

पुढचं तारानं सांगितलं. दुसऱ्या गल्लीत ट्रक थांबला, त्याच क्षणी वक्ते गरजले, "मुंबई इथून तसूभरही हलणार नाही!" आणि त्यांनी डोळे उघडले. समोर वेगळीच चाळ होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

पहिल्या मजल्यावरून एक आजोबा म्हणाले, "हलायचं नसेल तर जरा पुढं होऊन थांबा. दार उघडत नाहीये आमचं."

*

ते इंजिन पुन्हा सुरू झालंच नाही. मामानं उघडून पाहिलं, ब्लॉकला बोटभर तडा. ते शिवता येत नाही. दुसरं घालायला हवं.

दादरच्या एका चुन्याच्या व्यापाऱ्यानं दामूकाकांना रोजचं काम देऊ केलं होतं. त्याची एकच अट होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रक त्याच्या दारात उभा राहिला पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला. काकांनी मामाला सरळच सांगितलं की दसऱ्याला ट्रक निघाला नाही, तर ट्रक भंगारात देणार आणि बिऱ्हाड गावी हलवणार.

जुनं इंजिन काढलं तेव्हा एक गंमत झाली. मामानं ट्रकपुढे तीन जाड खांबांची घोडी उभी केली होती, तिला साखळीची कप्पी. इंजिन उचललं गेलं आणि ट्रकचं तोंड हळूच वर आलं, कुणी डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर मान वर करावी तसं. गणपत मिस्त्री, मामाचा जुना कारागीर, म्हणाला, "हलकं वाटलं बघा त्याला."

दुपारी सगळे जेवायला गेले की मी आणि तारा त्या रिकाम्या जागेत जाऊन बसायचो. दोघी मावायचो. खाली तेलाचा वास, वर आभाळाचा चौकोन, त्यात एक धुरांडं आणि घारी. भिंतीला टेकवलेल्या बॉनेटवर काकांनी हिरवा रंग दिला होता, पण ऊन तिरपं झालं की रंगाखालून अमेरिकन पलटणीची पांढरी चांदणी वर यायची. भर दिवसा. आम्ही तिची वाट बघत बसायचो.

तारापुढे मी बोलते. का ते मला माहीत नाही. तिथं बसून मी तिला विचारलं, गाव कसं आहे. ती म्हणाली, छान आहे, नदी आहे, काजू आहेत. शाळा चार कोस लांब.

"आणि पाणी?"

"विहीर आहे की. घराजवळच."

"मग बरंय."

"ती आमच्यासाठी नाही," तारा म्हणाली. "आमची लांब आहे." आणि बोट वर करून म्हणाली, "ती बघ, चांदणी आली."

*

इंजिन मिळालं ते माझगावच्या एका भंगारवाल्याकडे, तसल्याच दुसऱ्या ट्रकमध्ये. तो ट्रक इतकी वर्षं एका जागी उभा होता की बॉनेट उघडल्यावर आत पिंपळ उगवलेला. हातभर उंच, तांबूस कोवळी पानं, इंजिनावर साचलेल्या मातीत मुळं रोवून.

भंगारवाला म्हणाला, उपटा आणि न्या. गणपत मिस्त्री मागे सरकला, पिंपळ आपण उपटणार नाही म्हणाला. मामानं भंगारवाल्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, मीही एवढी वर्षं म्हणूनच विकला नाही. दामूकाकांच्या घरी आता देव नाहीत. त्यांनी बौद्ध धर्म घेतल्यापासून भिंतीवर बुद्धाचं चित्र आहे. तेव्हा सगळ्यांनी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "माझ्याकडं काय बघता? बुद्ध ह्याच्याच खाली बसले होते."

शेवटी इंजिन पिंपळासकट आलं. लोक वाट देत होते, हातगाडीवर मिरवणूक आहे असं समजून. शेडमध्ये मामीनं आणि अनुसयाकाकूंनी मिळून तो मुळांसकट अलगद काढला आणि डालड्याच्या डब्यात लावला. डबा कुणाच्या दारात ठेवायचा यावर दोघी अडल्या. मग तो मधल्या जिन्यात ठेवला. मामी स्नान झाल्यावर तांब्याभर पाणी घालायची. काकू बुद्धवंदना झाल्यावर तांब्याभर घालायच्या. आठवड्यात पानं पिवळी पडली.

मामानं डब्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "दोन्ही धर्म मिळून बुडवताय त्याला."

*

आता ती गोष्ट.

इंजिन धुऊन, जुळवून घोडीवर चढवायलाच उशीर झाला होता. तरी मामा निश्चिंत होता. संध्याकाळी इंजिन साखळीला टांगलं, ट्रकच्या वर आणलं. अंधार झाला तसा म्हणाला, उद्या बसवू, परवा नवमी, तेरवा दसरा.

तेवढ्यात मामी टोपली घेऊन आली आणि पाने, हातोड्या, पकडी गोळा करू लागली. मामानं विचारलं हे काय. ती म्हणाली, "पंचांग बघितलात? यंदा मधली तिथी गळली हा. नवमी उद्याच."

म्हणजे दसरा परवाच. खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, पूजा करायची आणि त्या दिवशी हात लावायचा नाही. मामाच्या वडिलांपासून हे कधी मोडलेलं नाही. मिस्त्री तर त्या दिवशी सुपारीही अडकित्त्यानं कातरत नाही.

सकाळी पाटावर पाने ओळीनं मांडले, हळदकुंकू, झेंडू. साखळी उतरवता येत नव्हती, म्हणून मामीनं स्टुलावर चढून तिलाही कुंकू लावलं आणि माळ घातली. तसं ते इंजिन दिवसभर अधांतरी. वाऱ्यानं हळूच इकडे वळायचं, हळूच तिकडे. चाळीतल्या बायका आरती झाल्यावर त्यालाही नमस्कार करून गेल्या. उदबत्तीचा धूर त्याच्याभोवती फिरत होता, आणि मला वाटत होतं, ते झोपलं आहे आणि तारा जाणार आहे.

दुपारी एक सर येऊन गेली. जमीन भिजली आणि घोडीचा एक पाय खचू लागला.

आधी मिस्त्रीनं पाहिलं. इंजिन तिरकं झालं होतं. पडलं असतं तर तेही गेलं असतं आणि ट्रकही. मामा, मिस्त्री, गॅरेजमधले सगळे धावले आणि साखळीपासून वीतभर अंतरावर थांबले. कुंकवाकडे बघत. मामाचे हात पुढे यायचे आणि मागे जायचे.

दामूकाका, काकू आणि तारा दाराशी आले होते. काका पुढे झाले.

"तुम्ही आज शिवायचं नाही ना?" ते म्हणाले. "मग सरका. मला चालतं."

कुणी हसलं नाही. मामा खाली बघत बाजूला झाला. मग काकाच थोडे हसले, आणि त्यांनी झेंडूच्या माळेसकट साखळी धरली.

ते आणि काकू साखळी सोडू लागले. तारा ट्रकवर चढून इंजिनाला आवरू लागली. मामा आणि मिस्त्री हात पाठीमागे बांधून, फोटोला उभं राहावं तसे, नुसतं तोंडानं सांगत होते, हळू, डावीकडे, अजून. इंजिन जागेवर आलं, पण बोटभर फिरलेलं. बसेना. ताराचा जोर पुरेना. वर घोडी करकरली.

मामी नैवेद्याचं ताट घेऊन आली होती. तिनं एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा ताराकडे. ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला, ट्रकच्या बंपरवर चढली आणि नव्या लुगड्यासकट इंजिनाला खांदा लावला.

मामा म्हणाला, "अगं, आज नवमी—"

"पूजा मी हत्यारांची केलंय," मामी म्हणाली. "इंजिनाक कुंकू लावूक नाय. तुमका तरी कोणी अडवलेला?"

मिस्त्री मामाकडे बघू लागला, मामा मिस्त्रीकडे. तेवढ्यात इंजिन खाली बसलं. इतक्या हलक्या आवाजात, जसं कुणी पुस्तक मिटावं.

आता बोल्ट आवळायचे होते. काका पाटापाशी आले आणि थांबले. पाने झेंडूत ठेवलेले होते, कुंकू अजून ओलं होतं. मामी खाली उतरली. कोपरापर्यंत काळी, लुगड्यावर तेलाचा पंजा. पाटावरच्या पान्यांना ती स्वतः शिवली नाही, सगळ्यात मोठ्या पान्याकडे नुसतं बोट केलं. काकांना म्हणाली, "घ्या."

काकांनी हात पुढे केला.

"कुंकू तेवढा पुसू नका."

त्या संध्याकाळी मामीनं मला देवघरासमोर उभं केलं. तिच्या माहेरी हे कळता कामा नये. मिस्त्रीलाही तीच शपथ, मामालाही. दसऱ्याला उजाडताना सगळे खाली जमले होते. काका डावीकडे चढून बसले. तारा मागे ट्रकच्या कठड्याला धरून उभी होती, तिच्या मुठी मला गॅलरीतून दिसत होत्या. मामानं हँडल घातलं, एकदा फिरवलं, काहीच नाही, दुसऱ्यांदा फिरवलं आणि

आत्ता खाली हॉर्न वाजतोय. तारा हाका मारतेय. आज काकू पुन्हा रुसल्या आहेत म्हणे, चुना भरून ट्रक उभा आहे आणि ती म्हणते, "शैले, तू उजवीकडं बस, फक्त मोठ्यानं 'जा' म्हणायचं," मी म्हटलं मला नाही जमणार, तर ती म्हणाली, जमेल, आणि