दिग्रसचे सफीरसाहेब

सफीरसाहेबांनी कोणाला 'नाही' म्हटलेलं दिग्रसमध्ये कोणी ऐकलं नाही. चहात साखर घालू का विचारलं तरी ते म्हणत, "आपल्या म्हणण्यात तथ्य आहे." विचारणारा मग अंदाजाने साखर घाली. सफीर म्हणजे राजदूत. खरं तर दिल्लीच्या अफगाण वकिलातीत ते दुय्यम सचिव होते. बढती त्यांना गावाने दिली होती.

नोकरी गेली ती कवितेपायी. एका मेजवानीत वजिरांनी स्वतःवर कविता करायला सांगितली. यांनी वजिरांच्या घोड्याची अक्कल वाखाणली. मायदेशाचा रस्ता बंद झाला. दिग्रसला त्यांच्या मामांचं हिंग आणि सुक्या मेव्याचं दुकान होतं, तिथे येऊन राहिले. बायको आणि मुलगी काबूललाच. साठ सालच्या सुमाराला मी तिथे हायस्कुलात मास्तर होतो आणि त्याच दुकानाच्या माडीवर भाड्याने राहत होतो.

संध्याकाळी ते बाकावर बसून फारसी कविता म्हणत. माणसं जमत. समोरच्या कापसाच्या जिनिंगचे गणपतराव एकदा मला म्हणाले, "मास्तर, समजत काहीच नाही, पण आयकून बरं वाटते." मी हे सफीरसाहेबांना सांगितलं. ते खूश झाले.

"कविता समजणाऱ्या गावातून मला निघावं लागलं," ते म्हणाले. "तुमचं गाव फार सुरक्षित आहे."

गाव त्यांना वापरी ते भांडणं मिटवायला. विहिरीच्या पाण्यावरून दोन भाऊ बोलेनासे झाले, तेव्हा यांनी प्रत्येकाला गुपचूप सांगितलं, दुसऱ्याला फार पश्चात्ताप झालाय. दोघांनाही तो झाला नव्हता. पण एकमेकांची दया येऊन दोघे बोलू लागले.

"हे खोटं नव्हतं का?" मी विचारलं.

"खरंच होतं. जरा लवकर सांगितलं, इतकंच."

मग काबूलला त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि वकिलातीतून एक गृहस्थ आले. वजिरांची स्तुती लिहून द्यायची, मग परतीचा परवाना. गणपतराव तिथेच होते. म्हणाले, "कायले लिवता साहेब? पोरीले इकडं बोलवा. लगन आमी लावून देतो."

"आपल्या म्हणण्यात तथ्य आहे," म्हणत सफीरसाहेबांनी माझ्याकडे पेन मागितलं. बसल्या बैठकीला कविता झाली. पाहुण्यांनी ती वाचून डोळ्यांना लावली.

ते गेल्यावर मी विचारलं, "मनाने कसं घेतलं?"

"कवीला विचारलंच नाही. मुलीच्या बापाला विचारलं."

त्या संध्याकाळी नेहमीची माणसं जमली. सफीरसाहेब बाकावर आले, गणपतरावांशी कापसाच्या भावाबद्दल बोलले आणि लवकर आत गेले. आठवड्याभरात यवतमाळच्या एसटीत बसून निघून गेले.

पुढच्या वर्षी मामांकडून कळलं, लग्न थाटात झालं. जावई सरकारी नोकर म्हणून पसंत केला होता. तो आता नोकरी सोडून कविता करतो म्हणतो, आणि सफीरसाहेब रोज त्याची समजूत घालतात.