एका फळीची रेहल

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाकडाचा एक तुकडा पॉलिश पेपरने घासत होतो. “सर, आपा झोपेतच गेल्या,” त्यांचे धाकटे भाऊ करीमभाई इतकेच बोलले. मी फोन ठेवला. कागद मात्र नंतरही बराच वेळ त्याच जागी फिरत राहिला...

रेवदंड्याच्या जुबेदाआपा निवृत्त मुख्याध्यापिका. मी महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो, तरी चारचौघांत बोलायचे आजही टाळतो. उतारवयात आपांकडून लाकडावर नक्षी कापायला शिकावे असे वाटले, पण ते विचारायचे धैर्य होईना. त्यांच्या फाटकावरून मी परत फिरत असे. शेवटी त्यांनीच ओसरीवरून हाक मारली, “आत या की सर! कुत्रा न्हाय पाळलेला.” मागच्या खोलीत त्यांचा स्क्रोल सॉ होता, वरखाली नाचणाऱ्या बारीक पात्याचे करवतयंत्र. त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो.

नात सनाचा निकाह ठरला आणि आपांनी माळ्यावरून हिकरी नावाच्या अमेरिकी लाकडाची जाड फळी उतरवली. त्यांच्या यजमानांनी जहाजावर नोकरीला असताना परदेशातून आणलेली. तशी दुसरी मिळणार नव्हती. तिची त्यांना सनासाठी रेहल करायची होती, म्हणजे कुरआन ठेवण्याची दुमडती बैठक. खरी रेहल एकाच फळीतून निघते. मध्ये बिजागरीची बोटे कोरायची, मग दोन्ही टोकांकडून फळी जाडीत चिरत त्या बोटांपर्यंत यायचे. ना खिळा, ना जोड. अखेरीस ती उघडते, नाहीतर तडकते.

करीमभाईंनी आखातात लाकडाच्या वखारीत आयुष्य काढलेले. ते हसले. “आपा, हे कुऱ्हाडीच्या दांड्याचं लाकूड हाय. निकाहात पोरीला दांडा देशील!”

“देईन की. पहिला तुझ्या पाठीत.”

हिकरी खरोखरच चिवट निघाली. पाती बोथट होत, कडा करपून काळ्या पडत. आपांनी आखलेल्या नक्षीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली, म्हणजे पाते कमी तापते, यंत्राचा वेग उतरवला, आणि पाते खाईल तितकेच लाकूड त्याला देऊ लागल्या. करपणे थांबले. फिक्या-तपकिरी पट्ट्यांतून सुपारीच्या झावळ्यांची जाळी एकेका पात्याने उमलत गेली.

निकाहाच्या आदल्या दुपारी चिरणे संपले. आपांनी फळी माझ्यापुढे धरली. “तुम्ही उघडा सर. आता तुमची पाळी.”

“मी? आणि तडकली तर...”

“तर दोघं मिळून करीमला शिव्या घालू.”

मी अंगठे टेकवले. काहीच हलेना. “घाबरताय कशाला? दाबा!” मी डोळे मिटून दाबले. टक्! डोळे उघडले तेव्हा फळीचे दोन पंख झाले होते, बोटांत बोटे गुंतलेले, कुठे ओरखडासुद्धा नाही.

“सुभानअल्ला!” करीमभाई दारातूनच ओरडले. “जिंकलीस गं आपा!”

आपांनी पदराने चष्मा पुसला. “आता बोलव सनाला. आणि दांडा बघायला तूही ये.”

परवा आपांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला सनाने तीच रेहल आणली होती. मिटलेली. ओसरी माणसांनी भरलेली. एरवी मी कोपरा धरून बसलो असतो. “जरा घट्ट आहे,” ती म्हणाली, तोच मी उठलो, सर्वांसमोर तिच्या हातातून ती घेतली आणि अंगठे टेकवले. डोळे उघडे ठेवून.

टक्.