इतिहासाच्या तासाला जिवंत माणसं

"इतिहासाच्या तासाला जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नाही."

गोंदियाच्या बायकांच्या नॉर्मल स्कूलमध्ये मी रुजू झाले, त्या दिवशी मोठ्या बाईंनी मला हा नियम सांगितला. का, असं विचारायचं नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग. मी नागपूरहून बी. ए. होऊन आले होते. 'का' विचारण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं.

नॉर्मल स्कूल म्हणजे प्राथमिक शिक्षिका तयार करणारी शाळा. विद्यार्थिनींत कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी लग्नाची वाट पाहून कंटाळलेली. काही जणी माझ्याहून मोठ्या. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. बांधावरून चालताना लुगड्याला कुसळं चिकटतात तसे ते चिकटतात, आणि घरी येऊन बसल्यावर टोचायला लागतात.

*

माझ्या पहिल्याच पाठाच्या टाचणात 'फाळणी' हा शब्द होता. मोठ्या बाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं.

"यातली माणसं जिवंत आहेत."

मी म्हटलं, सगळी नाहीत. पुष्कळ मेली.

त्यांनी जरा विचार केला. बाई नियमाला पक्क्या होत्या, पण आडमुठ्या नव्हत्या.

"मग मेली तेवढीच घ्या," त्या म्हणाल्या.

*

जी मेली नव्हती, त्यांतली एक तिसऱ्या रांगेत बसायची. सुंदरी. सिंधमधून आई आणि ती एवढ्याच इथवर पोचल्या होत्या. स्टेशनापलीकडच्या निर्वासितांच्या बराकीत, गोणपाटाच्या पडद्यामागे दोघींचा संसार. ट्रेनिंग पास झाली की मास्तरणीची नोकरी आणि भिंती असलेली खोली. नापास झाली की तोच पडदा. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

मराठी ती शाळेतच शिकली, तीसुद्धा शेजारी बसणाऱ्या, देवरीजवळच्या चिचगडच्या रुक्माकडून; तिकडे बायकाही 'मी करतो' म्हणतात. त्यामुळे सुंदरी बोलायला लागली की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, ही देवरीच्या जंगलातच वाढली. मोठ्या बाई म्हणायच्या, हिला मराठी येत नाही. रुक्मा म्हणायची, येते, मोठ्या बाईंनाच येत नाही.

*

सुंदरीसाठी व्हरांड्यात वेगळा माठ ठेवला होता. यात भेदभाव नाही, असं मोठ्या बाईंनी मला आपण होऊन समजावलं. मुलीला आपल्या पाण्याची सवय नाही, एवढंच. दोन्ही माठांत एकाच विहिरीचं पाणी होतं.

हा दुसरा माठ कोपऱ्यात, लिंबाच्या सावलीत होता. उन्हाळा लागला तसं त्यातलं पाणी गार राहू लागलं आणि सगळी शाळा त्यातूनच प्यायला लागली. मोठ्या बाईंनी चौकशी केली. मग त्यांनी सुंदरीसाठी तिसरा माठ आणवला.

पहिल्या माठात पुढे तुळस लावली.

*

मी काकांकडे राहायची. काकांचं मत असं, की सिंधमधून आलेल्या या लोकांनी बाजार बिघडवला. पहाटे दुकान उघडतात, गिऱ्हाइकाला 'आओ साईं' म्हणतात, उधार देतात; ही काय रीत आहे? मी विचारलं, मग तुम्ही त्यांच्याकडे जाता कशाला?

"पाहायले," काका म्हणाले. अंगात त्यांच्याकडचाच नवा मलमलीचा सदरा होता.

*

एकदा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि वर्गाला सांगितलं, समजा आत्ता घर सोडायचंय. परत यायचं नाही. एक गाठोडं तेवढं नेता येईल. काय घ्याल?

वर्ग पेटला. एक म्हणाली, बियाण्याचं धान. दुसरी म्हणाली, उखळ. गाठोड्यात उखळ कसं मावेल यावर बराच वाद झाला. रुक्मानं दोन कोंबड्या मागितल्या. मी म्हटलं, कोंबड्या गाठोड्यात गुदमरतील. ती म्हणाली, तोंडं बाहेर ठेवून बांधता येतात, मी दाखवतो. एकीनं सासूला घरीच ठेवायचं ठरवलं आणि तेव्हापासून ती फार मन लावून ऐकू लागली.

सगळ्यांत मोठी गिरजाबाई, विधवा. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हे तं आपण केलंच नं बाई. लगनात."

"मग काय नेलंत?"

"जे देल्लं ते."

मग सगळ्या जणी सुंदरीकडे वळल्या. खरं उत्तर तिलाच माहीत होतं.

"मी त शाळेत होतो," ती म्हणाली. "शाळेतूनच गाडीत बसवलं."

रुक्मा म्हणाली, "मंग माह्यावाली एक कोंबडी घे."

*

यानंतर रुक्मानं सराव शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला निर्वासितांवर पाठ घेतला. मोठ्या बाई आणि मी तपासायला मागे बसलो. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं, सगळं क्रमानं. मग रुक्मानं विचारलं, "निर्वासित कोणाले म्हणतात?"

एक मुलगा चटकन उठला. "ज्याचं कापडाचं दुकान असते त्याले."

रुक्मानं आमच्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी वहीत लिहिलं : उत्तर स्पष्ट आवाजात.

*

वार्षिक पाठ बिरसीच्या अलीकडच्या एका गावात होते. वार्षिक पाठ पूर्ण व्हावा लागतो. अर्धवट राहिला तर न झाल्यात जमा आणि वर्ष बुडालं. सुंदरीच्या वाट्याला तिसरीचा वर्ग आला. विषय, 'आपलं गाव कसं वसलं'.

आदल्या दिवशी दुपारी ती गावच्या मालगुजारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, माहिती घ्यायला गेली. मालगुजारी नुकतीच गेली होती, मालगुजार होते. त्यांनी चहा पाजून हौसेनं सगळं सांगितलं. आपले पूर्वज धारहून आले. तिकडे लढाया पेटल्या, तेव्हा बैलगाड्या जुंपून निघाले. पहिला पावसाळा तळ्याच्या पाळीवर, मोहाच्या झाडांखाली काढला. मग त्यांनी विचारलं, तू कुठची, बाई? तुझी बोली चिचगडकडची वाटते.

सिंधची, असं सुंदरीनं सांगितलं. तिथून पुढे माहिती मिळाली नाही.

सकाळी मालगुजार दोन म्हाताऱ्यांना घेऊन शाळेत हजर. बोलणं अतिशय गोड. त्यांना कुणाचं नुकसान करायचं नव्हतं.

"त्या पोरीले पैकीच्या पैकी मार्क देऊन टाका," ते म्हणाले. "फक्त वर्गात नोको."

"काऊन?" मी विचारलं. गोंदियात राहून मलाही जमायला लागलं होतं.

"लेकरायले सवय होईल."

"कशाची?"

"तिची."

मोठ्या बाईंना तोडगा उदार वाटला. मी सुंदरीला बोलावून सगळ्यांसमोरच तो सांगितला. ती तेव्हा तक्त्यावर तळं रंगवत होती. हात निळे. या वेळी ती हिंदीत बोलली, बहुधा सगळ्यांना नीट कळावं म्हणून.

"कॅम्प में सब मुफ़्त मिला, बाई. मार्क मुफ़्त के नहीं चाहिए."

पाठ सुरू झाला. मागच्या बाजूला बाकावर मालगुजार, दोन म्हातारे, मोठ्या बाई आणि मी. सुंदरीनं तक्ता टांगला. धारपासून निघालेल्या गाड्या, वाटेतल्या नद्या, तळ्याची पाळ. मुलं पुढे सरकत सरकत तिच्या पायांशी आली.

"मंग ते लोक धार सोडून कायले निघाले?"

"तिकडं मारामारी होऊन राहिली होती!"

"पहिल्या रात्री कुठं झोपले?"

"झाडाखाली!"

"त्यायच्याजवळ काय होतं?"

यावर मुलांचं एकमत होईना. कुणी बैल म्हणालं, कुणी काहीच नाही.

"बरं. तवा इथं पहिलेपासून जे लोक राहून राहिले होते, गोंड लोक, ते यायले काय म्हणाले? या म्हणाले का जा म्हणाले?"

मुलांना ठाऊक नव्हतं. पुढे बसलेली मालगुजारांची नात म्हणाली, "आज्याले माईत आहे." आणि सगळा वर्ग मागे वळला.

मालगुजार उठून उभे राहिले. ते नातीशी बोलले नाहीत, सुंदरीशीही नाही. माझ्याशी बोलले.

"हे बंद करा, बाई."

मोठ्या बाईंनी माझं मनगट धरलं. "झाला तेवढा पुरे. मी पूर्ण धरते. थांबवा तिला."

"नाही," मी म्हटलं. "मुलं उत्तरासाठी थांबली आहेत."

मालगुजारांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई तक्त्यावरच्या तळ्याकडे पाहत होत्या. सुंदरी खडू धरून उभी होती, मुलं माना वळवून बसली होती, आणि पाठ अजून पूर्ण व्हायचा होता.