नळीचं पॉलिश

बोट फिरवायचं आणि समोरच्याच्या नाकापुढे धरायचं, ही सुभेदारांची नमस्काराची पद्धत. "ह्ये काय हाय, सायेब?" टेबल, जीपचं बॉनेट, माझा चष्मा, काहीही चालायचं. बोटावर धूळ असायचीच. तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त फौजी असेल. साताऱ्यात तर गल्लीगणिक मिळतो.

आमचा प्रकल्प मोठा उदात्त. विमानाने ढगांच्या वर जायचं आणि केसापेक्षा कितीतरी बारीक कण मोजायचे. विमानाबाहेर आलेली स्टीलची नळी हवा आत ओढते, यंत्र कण मोजतं. वडूजचे सुभेदार आमच्याकडे कंत्राटावर साफसफाई बघायचे. हे सगळं ऐकून त्यांनी एकच शंका काढली, "आन मोजल्यावर पुसायचं कुणी?"

एकदा दिल्लीचे पाहुणे येणार होते. मी तेव्हा उमेदवारीवरचा शास्त्रज्ञ. ऐटीत सांगितलं, "सुभेदार, विमान चकाचक पाहिजे." नळीला हात लावू नका, एवढं सांगायचं राहिलं. इतकी विद्वत्ता एका डोक्यात मावत नाही हो. सुभेदारांनी पट्ट्याचं बक्कल घासायची फौजेतली पॉलिशची डबी काढली आणि नळी आतून-बाहेरून लखलखीत केली.

विमान जाऊन आलं. कणांचा आकडा भलताच चढलेला. आमच्या प्रमुखांनी तिथल्या तिथे वरच्या हवेत नवा थर शोधला. पाहुण्यांनी कंदी पेढे खाल्ले, शोधनिबंधाचं नावही ठरलं. नळीकडे बघून मला सगळं कळलं होतं. मी पेढा खाल्ला.

दाराशी उभे असलेले सुभेदार पुढे आले. "कसला थर, सायेब? काल नळी मी घासलीया. पॉलिशच गेलं आसंल आत."

प्रमुखांनी विचारलं, "कुणी सांगितलं घासायला?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेढ्याच्या बॉक्सकडे.

"कुणी न्हाई. सवयच हाय मला."

संध्याकाळी त्यांचं कंत्राट संपलं. मी फाटकापर्यंत गेलो. लाज वाटत होती, म्हणून तोंडदेखलं म्हणालो, "सुभेदार, मी उद्या साहेबांना खरं सांगतो."

"आवं, गप बसा. तुमची नोकरी पक्की व्हायची हाय आजून. मला पेन्शन हाय."

दोन वर्षांत मी त्यांचं एकही ऐकलं नव्हतं. हे मात्र लगेच ऐकलं. मी आता कायम आहे.