खड्ड्याची हाक

टेकडीवरच्या खडकाळ पायवाटेवर आमचे हे नव्या सायकलची ट्रायल घेत होते. पुढे-मागे शॉकअप असलेली, खास डोंगरात चालवायची सायकल. दुकानातली मुलगी आणि मी खाली दगडावर बसून बघत होतो.

"काका, सारखा ब्रेक दाबू नका, सायकलला तिचं काम करू द्या!" ती ओरडली.

ह्यांनी ऐकलं. सायकल दगडांवरून मांजरासारखी अलगद उतरू लागली. आणि वरून हाक आली, "खड्डा!" जरा वेळाने पुन्हा, "खड्डा!"

"काकू, काका कुणाला सांगतायत?"

मला हसू आलं. आमच्या जुन्या स्कूटरचे मागचे शॉकअप कधीच गेले होते. खड्डा दिसला की हे ओरडायचे आणि मागे मी सीटवरून जराशी उठायचे. प्रेमाचं म्हणून हे कधी काही बोलले नाहीत. रस्त्यातले खड्डे मात्र एकही न चुकता सांगितले. आता धक्के गिळायला एवढी भारी सायकल होती, मागे बसायला तर जागाच नव्हती, तरी ह्यांचं सांगणं चालूच.

"खड्डा!"

आणि खाली दगडावर बसलेली मी जराशी उठले.